गिअर कुठला लावायचा

नवी फ्रेम पुण्याहून गोणपाटात शिवून आली. एसटीच्या टपावरून हमालानं ती खाली सोडली आणि भैयानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, ती डाव्या हातानं झेलली. त्याचा उजवा हात मनगटातून पुरता वळत नसे. गंगाखेडच्या स्टँडवर चार माणसं लगेच गोळा झाली.

"काय हाय हो ह्यात?"

"सायकल हाय."

"अन् चाकं?"

"चाकं घरी हायत," भैया म्हणाला, आणि आम्ही दोघांनी ती उचलून घरी आणली.

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. दोन वर्षं मी भैयाची जुनी, गिअर काढून टाकलेली शर्यतीची सायकल चालवत होते. ती मला उंच पडायची, लांबच्या सरावानंतर पाठ धरायची. आता जानेवारीत परभणीला निवड चाचणी होती आणि जिल्ह्यातून दोन मुली राज्याच्या स्पर्धेला जाणार होत्या. सेलूची एक मुलगी आमच्यात सगळ्यांत वेगवान होती, तिची जागा जवळपास ठरलेली. भांडण होतं ते दुसऱ्या जागेचं. माझ्या मापाची फ्रेम त्यासाठीच बनवून घेतली होती.

चाकं, हँडल, ब्रेक, सगळं जमलं होतं. राहिला होता गिअर. गिअर म्हणजे एक वस्तू नव्हे. फ्रेमच्या तिरक्या दांड्यावरचा खटका, त्याची वायर, मागच्या दातेरी चकत्या आणि चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा लोखंडी हात, हे सगळं एकाच बनावटीचं लागतं. एकाचा खटका आणि दुसऱ्याच्या चकत्या असं चालत नाही. आणि आमच्या घरात दोन संच येऊन पडले होते.

पहिला इटालियन. तो आमच्या कॉलेजातल्या क्रीडाशिक्षकांचा, सरांचा. पुण्यात शिकायला असताना ते ह्याच संचावर शर्यती खेळले होते. नंतर सायकल विकली, पण गिअर काढून ठेवला, दरवर्षी तेल लावून धोतराच्या फडक्यात बांधून. त्याचा खटका गुळगुळीत सरकायचा, मध्ये कुठंही अडत नसे. किती ओढायचा ते हातानं आणि कानानं ठरवायचं. चेन खडखडली तर अजून थोडा हलवायचा, खडखड थांबली की चेन चकतीवर नीट बसली.

दुसरा जपानी. दुबईला असलेल्या मित्राकडून भैयानं मागवला होता. त्याचा खटका एकेका घरावर 'टक' करून थांबायचा. एक टक, एक चकती. तेव्हा ही गोष्ट इतकी नवी होती की शेजारचे लोक नुसती टकटक करून बघायला यायचे.

सर म्हणायचे, "आपल्या रस्त्यावर फुफाटा किती असतो. वायर जरा ढिली पडली की ही टकटक चुकायला लागती. मग रस्त्यात कुणाला हाक मारणार? माझा खटका बिघडला तरी हातानं सांभाळता येतो."

भैया सरांसमोर काही बोलत नसे. ते गेले की म्हणायचा, "मला सांभाळता आला का?"

मी दहावीला होते त्या वर्षी सोनपेठच्या रस्त्यावर तो पडला होता. असाच गुळगुळीत खटका जरासा जास्त ओढला गेला, चेन मोठ्या चकतीच्या पलीकडं जाऊन चाकाच्या तारांत अडकली आणि चाक जागेवर थांबलं. मनगटाचं हाड नीट जुळलं नाही. तो सरांचाच खेळाडू होता. त्यानंतर तो एसटीच्या डेपोत टेबलावर काम करायला लागला आणि त्या अपघाताबद्दल दोघं एकमेकांशी कधी बोलले नाहीत. सर घरी यायचे, चहा घ्यायचे, माझ्या सरावाचं बोलायचे. भैया त्यांच्या कपबशीकडं बघत बसायचा.

"आधी माझा लावा," सर म्हणाले. "आठवडाभर चालवू दे तिला. मग तिनं ठरवावं. पण एकदा ठरलं की चाचणीपर्यंत एक स्क्रू हलवायचा न्हाई."

भैयानं स्वतःच्या हातानं सरांचा गिअर बसवला.

त्या आठवड्यात माझा जीव टांगणीला लागला. सर मोटारसायकलवरून सोबत यायचे आणि ओरडायचे, "चेन ऐक! चेन ऐक!" मी मान हलवायचे आणि खटका अंदाजानं सरकवायचे. कधी जमायचं, कधी पायाखालून चेन घसरायची आणि गुडघा हँडलवर आदळायचा. सरांना वाटायचं, सवय नाही. भैयाला वाटायचं, गिअर वाईट. खरं काय ते एकटी मला ठाऊक होतं. मला चेन ऐकूच येत नव्हती.

लहानपणी माझा उजवा कान वाहायचा. तेल झालं, औषधं झाली, चौथीत कधीतरी तो वाहायचा थांबला आणि घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. कान बरा झाला असं सगळ्यांनी धरलं. पण त्या बाजूनं मला फार थोडं ऐकू यायचं. वर्गात मी उजव्या भिंतीकडचा बाक धरायचे, म्हणजे डावा कान शिकवणाऱ्याकडं. मैत्रिणींच्या उजवीकडून चालायचे. मुद्दाम लपवलं असंही नाही, पण सायकल सुरू झाल्यावर मात्र मी तोंड घट्ट मिटून घेतलं. मुलगी अशी रस्त्यावर सायकल दामटते ह्यावर गल्लीत आधीच कुजबुज होती. आमचे अण्णा, म्हणजे वडील, शाळेत शिक्षक. त्यांनी परवानगी देताना एवढंच म्हटलं होतं, "जिवाला धोका दिसला की सायकल बंद." एका कानानं ऐकू न येणारी मुलगी त्यांनी हमरस्त्यावर सोडली नसती. आणि चेन तर उजव्या बाजूलाच असते.

मग बंदचा दिवस आला. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून त्या काळात अधूनमधून बंद व्हायचे, एसटी डेपोतून निघायची नाही, दुकानांच्या फळ्या लागायच्या. सर भल्या सकाळी आले आणि म्हणाले, "रस्ता मोकळा हाय. ऊन व्हायच्या आत परत येऊ." आईला ते मुळीच पसंत नव्हतं. ती दारात उभी राहून आमच्याकडं बघत होती.

गोदावरीचा पूल ओलांडला तर पलीकडच्या फाट्यावर रस्त्यात दगड मांडलेले आणि पंधरा-वीस पोरं उभी. सरांनी मोटारसायकल थांबवली. एकानं पुढं येऊन सायकलचं हँडल धरलं.

"कुठं निघालाव?"

"सराव हाय," मी म्हणाले. "शर्यतीचा."

त्यानं सायकल वरून खाली बघितली, चकत्या बघितल्या, मग सरांकडं बघितलं. "ही जाऊ द्या. गाडी इथंच लावा तुमी."

दगडांमधून त्यांनी मला वाट करून दिली. सर तिथंच थांबले. मी एकटी पुढं गेले.

तसा रस्ता मी पुन्हा कधी पाहिला नाही. ट्रक नाही, ट्रॅक्टर नाही, दोन्ही बाजूंना हुरड्यात आलेली ज्वारी आणि थंडी. आणि मला चेन ऐकू आली. डाव्या कानाला, बारीक, पण स्पष्ट. खडखड, थोडा खटका, मग शांत. पुन्हा खडखड, पुन्हा शांत. चढाला, उताराला, वाऱ्याच्या तोंडावर, एकदाही चेन घसरली नाही. सर काय म्हणत होते ते त्या सकाळी मला कळलं. परत आले तेव्हा मी इतकी वेगात होते की फाट्यावरच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या.

"जमलं!" सर म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "ठरलं म्हणायचं का आता?"

मी हो म्हणाले. त्या क्षणी ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी रस्ता पुन्हा वाहता झाला. गळिताचा हंगाम, कारखान्याकडं जाणारे उसाचे ट्रॅक्टर, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या. त्या दिवशी सरांऐवजी भैया मोपेडवर मागं होता. एका ट्रॅक्टरला ओलांडायचं म्हणून मी उजवीकडं निघाले आणि खटका ओढला. ट्रॅक्टरच्या धडधडीत मला काही म्हणजे काही ऐकू येईना. चेन बसली की नाही? मी मान खाली घालून मागच्या चकतीकडं बघितलं. तेवढ्यात पेडलवरचा जोर सुटला, चेन दोन चकत्यांच्या मध्ये नाचायला लागली, सायकल डावीकडं ओढली गेली. उसाची टिपरं माझ्या खांद्याला खरवडत गेली. ट्रॉलीचं चाक माझ्या गुडघ्याजवळ फिरत होतं, त्याच्या रबरावरच्या चिखलाचे पोपडे मला दिसत होते. मागून मोठा ट्रक आला आणि उजवीकडून इतका जवळून गेला की त्याच्या वाऱ्यानं मी हलले. कशीबशी ट्रॅक्टरच्या पुढं निघाले आणि बाभळीखाली उतरले.

भैया येऊन थांबला. तो पांढराफटक पडला होता.

"मी ओरडायलो, थांब, ट्रक आलाय! तू कामून आयकत न्हाईस? कामून?"

मी खांद्याला चिकटलेलं उसाचं पाचट झटकत राहिले. त्याला तो माझा हट्ट वाटला.

दुपारी मी कॉलेजातून घरी आले तर सायकल अंगणात उलटी ठेवलेली आणि सरांचा गिअर फडक्यावर काढून मांडलेला. भैया जपानी संचाची वायर ओढत होता.

"कुणाला इचारलंस?" मी म्हणाले.

"कुणालाच न्हाई. तुला ट्रॉलीखाली बघितल्यावर काय इचारायचं?"

"सायकल माझी हाय."

"जीव बी तुझाच हाय."

त्याच वेळी फाटकाची कडी वाजली आणि सर आत आले. त्यांनी फडक्यावरचे सुटे भाग बघितले आणि ते जागीच थांबले. आई स्वयंपाकघराच्या दारात आली.

"चेन अडकली का?" त्यांनी विचारलं.

"आज न्हाई अडकली," भैया उभा राहिला. "पण मी वाट कामून बघू? एकदा बघितली की सर. तुमी म्हणलाव, सवयीनं जमतं. मला बी तेच म्हणलाव होतात."

इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा बोलला होता. सर माझ्याकडं वळले. "तू सांग. काल तूच म्हणलीस ना, जमलं म्हणून? कुठला लावायचा?"

दोघंही माझ्याकडं बघत होते.

"जपानी," मी म्हणाले. "हलका हाय म्हणून."

हलका तो फारसा नव्हता. सरांना ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांनी खाली बसून एकेक भाग फडक्यात ठेवला, गाठ मारली आणि चहा न घेता निघून गेले.

मला बसवेना. भैया वायर कसत होता, जिंकल्यासारखा नाही, पण मोकळा झाल्यासारखा. मला वाटलं, सर आयुष्यभर समजणार की मी भावाच्या बाजूनं झाले. मी चपला घातल्या आणि त्यांच्या मागं निघाले. ते कॉलेजच्या मैदानावर होते, लांब उडीच्या खड्ड्याजवळ. मी धावत पोचले आणि दम घेण्याआधीच बोलून टाकलं.

"सर, मला उजव्या कानानं ऐकू येत न्हाई. चेन ऐकू येत न्हाई मला."

त्यांना आधी काही कळलं नाही. मग ते म्हणाले, "पाठ कर माझ्याकडं. डावा कान बंद कर. मी बोलतो ते म्हणून दाखव."

मी पाठ केली आणि डाव्या कानात बोट घातलं. वाट बघत उभी राहिले. सर अजून बोलायला लागले नाहीत असं मला वाटलं. बराच वेळ झाला म्हणून मागं वळले, तर त्यांचे ओठ हलत होते.

ते माझ्याकडं बघत राहिले. आधी त्यांच्या डोळ्यांत दया आली आणि मग राग.

"अन् मी तुला त्या रस्त्यावर फिरवायलो? गिअरचं जाऊ दे. मागून येणारी गाडी उजवीकडूनच येती. ती कळती का तुला?"

"कळती. जरा उशिरा."

"उशिरा!" ते म्हणाले. "मी तुला रस्त्यावर सोडणार न्हाई."

पुढच्या दोन दिवसांत मी काय खाल्लं, काय वाचलं, काही आठवत नाही. तिसऱ्या दिवशी सरांनी बोलावून घेतलं. कानाचं काम डोळ्यांनी भागवता येतं का ते बघू, म्हणाले. त्यांनी दोन अटी घातल्या. चाचणीच्या आधी घरी सांगायचं. आणि ते मागून मोटारसायकल आणतील, कधी, किती वेगानं, ते सांगणार नाहीत. गाडी बरोबरीला यायच्या आत मी मागं बघितलेलं असलं पाहिजे. रोज, प्रत्येक वेळी. त्यांची खात्री पटली तरच चाचणी.

घरी मी त्याच संध्याकाळी जेवताना सांगितलं. भैयाचा घास हातातच राहिला.

"म्हंजी मी मागून ओरडायलो होतो, ते..."

"न्हाई आलं ऐकू."

तो उठून बाहेर गेला. अण्णांनी ताट बाजूला सारलं. सातवीत वर्षभर ते मला शिकवायला होते. "माझ्या वर्गात बसायचीस, तवा बी?" त्यांनी विचारलं.

"तुमी डावीकडच्या खिडकीपाशी उभं राहून शिकवायचाव अण्णा. सगळं यायचं ऐकू."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता सायकल बंद. पण ते म्हणाले, "सर काय म्हणतात ते बघू." आई रडली, आणि रडतारडता माझ्या ताटात अजून भाकरी वाढली.

मग तो सराव सुरू झाला. रस्त्याच्या कडेनं सरांनी चुन्याची रेघ मारली. रेघेवरून चाक न हलवता काखेखालून मागं बघायचं आणि त्याच वेळी गिअर बदलायचा. जपानी खटक्याचं मोल मला तिथं कळलं. टक हे मला कानानं कळत नव्हतंच, ते बोटाला कळायचं. डोळे मागं, बोट खटक्यावर, चेन आपोआप जागेवर. पण पहिले दिवस भयंकर होते. एकदम उजव्या खांद्याशी मोटारसायकल उगवायची आणि माझं चाक रेघेवरून सुटायचं. सर शेजारून जाताना फक्त एक शब्द म्हणायचे.

"मेलीस."

परतल्यावर भैया विचारायचा, "आज किती येळा मेली?" तो आता रोज यायला लागला होता, रेघेशी बसून माझं चाक बघायचा. एके दिवशी मी वळून आले तर सर आणि तो रस्त्याकडेच्या दगडावर बोलत बसले होते. सोनपेठच्या वळणाचं बोलत असावेत, कारण भैया हातानं वळण दाखवत होता. मी थांबले नाही.

हळूहळू 'मेलीस' कमी झालं. एका सकाळी सर शेजारून गेले आणि काहीच म्हणाले नाहीत.

चाचणीच्या दिवशी परभणीत बोचरी थंडी होती. गंगाखेडच्या रस्त्यानं जाऊन परत यायचं होतं. गाड्या अडवायला पोलीस होते, पण बैलगाड्या आणि मोटारसायकली मधूनच घुसत. सेलूची मुलगी सुरुवातीलाच पुढं निघाली आणि मी तिच्या चाकामागं चिकटून राहिले. परतीच्या वाटेवर वारा समोरून आला, मग मागच्या मुली गळाल्या. एक मात्र गळाली नाही. ती परभणीचीच होती, अंगानं भक्कम, आणि मला माहीत होतं की ती शेवटी मुसंडी मारणार. नेमकी कधी, ते मला ऐकू येणार नव्हतं.

मी बघत राहिले. दर थोड्या वेळानं काखेखालून मागं. वीस हातांवर. मग पंधरा. समोर लोकांची गर्दी दिसायला लागली, आरडाओरडा असणार, मला वाऱ्याशिवाय काही कळत नव्हतं. पुन्हा बघितलं तर ती उभी राहून पेडल मारत होती आणि माझ्या उजवीकडं सरकत होती. बोटानं टक, टक. चेन लहान चकतीवर उतरली आणि पेडलं एकदम जड झाली. मी सगळं अंग त्या पेडलांवर टाकलं. तिचं पुढचं चाक माझ्या पायाशी आलं, तिथंच राहिलं, पुढं आलं नाही. सेलूच्या मुलीमागून मी दुसरी आले.

उतरल्यावर मला ओकारी आली. भैयानं पाण्याचा तांब्या धरला. सर समोर उभे होते आणि काहीतरी म्हणत होते, मी डावा कान पुढं केला.

"जगलीस," ते म्हणाले.

राज्याच्या स्पर्धेत मी मधल्या घोळक्यात कुठंतरी शर्यत संपवली. त्याचं फार वाईट वाटलं नाही. उन्हाळ्यात अण्णांनी औरंगाबादला नेऊन कानाचं ऑपरेशन केलं. पडदा जुळला, ऐकणं थोडंसं सुधारलं, बरंचसं राहिलंच. पुढं दोन हंगाम मी त्याच सायकलवर शर्यती केल्या. फुफाट्यानं वायर ढिली पडायची आणि टकटक चुकायची, सर म्हणाले होते अगदी तशी. मग दर रविवारी अंगणात सायकल उलटी व्हायची. भैया वायर कसायचा आणि मी चकतीकडं बघत त्याला सांगायचे, अजून थोडी, अजून थोडी, बस.